गिरणीत ऐकू जाईल असा फोन

दिग्विजयने तिसरा फोन रत्नम्माच्या तोंडासमोर धरला.

"मावशी, इकडं बगा. हितं, ह्या बारक्या काचेत. हसा जरा."

रत्नम्मा हसली नाही. फोटोला हसायचं असतं हे तिला मुळात मान्यच नव्हतं. तिने पदर सारखा केला, हनुवटी वर उचलली, श्वास रोखला आणि डोळे मोठे करून पाहत राहिली. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाकडे गिरणीच्या दारात उभी राहून ती अशीच पाहायची.

"झालं. सोडा श्वास."

"ह्याचा आवाज मोटा हाय का पर?" रत्नम्माने विचारलं. प्रत्येक फोनला तिचा हाच प्रश्न होता आणि तो ती अशा आवाजात विचारायची, की सोलापूरच्या नवी पेठेतलं ते अख्खं दुकान वळून पाहायचं. वीस वर्षं गिरणीच्या घरघरीवरून बोलत आलेल्या बाईला हळू बोलणं जमत नाही. तिचा त्यात काही दोष नव्हता, पण काव्याच्या कानाच्या पाळ्या प्रत्येक वेळी लाल होत होत्या.

"आई, हळू," ती म्हणाली.

रत्नम्माने तिच्याकडे पाहिलं. घरी काव्या तिला कन्नडमध्ये अव्वा म्हणायची. दुकानाच्या पायऱ्या चढल्यापासून अव्वाची 'आई' झाली होती. असतील शहरातल्या रीती, असा रत्नम्माचा एकंदर हिशोब होता.

काव्याने दिग्विजयच्या हातातून फोन घेतला आणि फोटो दोन बोटांनी मोठा केला. पहिल्या फोनने रत्नम्माला पिवळं केलं होतं, दुसऱ्याने काळवंडून टाकलं होतं, आणि ह्या तिसऱ्याने तर कहर केला होता. जे होतं ते सगळं दाखवलं होतं. कपाळावर गोंदलेली उभी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंचे ठिपके, गालावरचा एक, हनुवटीवरचे तीन, पन्नास वर्षांत हिरवट होऊन कडेने पसरलेले. सकाळी लावलेली विभूती घामाने ओघळलेली. आणि भुवयांत, केसांच्या मुळाशी ज्वारीचं पीठ. अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून दुधनीहून एसटीने आली होती, तरी पीठ होतंच.

"कॅमेरा एक नंबर आहे ह्याचा," दिग्विजय म्हणाला. पस्तिशीचा, पोट सुटलेला, बोलका माणूस. दुकान त्याच्या सासऱ्याचं होतं, पण फोनमधलं कळायचं ते त्यालाच. "केस न् केस मोजून घ्या, ताई. काही म्हणजे काही लपत नाही."

"दुसरा दाखवा," काव्या म्हणाली.

"अहो, का? पाच हजारची बॅटरी आहे. आठ-दोनशे छप्पन्न आहे. ह्या रेंजमध्ये..."

"दुसरा दाखवा ना."

दिग्विजयने खांदे उडवले आणि तो कपाटाकडे वळला.

आता हे सांगायला हवं की रत्नम्मा आपल्यासाठी फोन घ्यायला आली होती. तिची दुधनीत पिठाची गिरणी होती. नवरा गेला तेव्हा काव्या सहावीत होती, आणि तेव्हापासून गिरणी ती एकटीच चालवत होती. चालू गिरणीत फोन ऐकू यायचा नाही. काव्या पुण्याहून फोन करायची, तो कोनाड्यात पिशवीच्या आत वाजून वाजून थांबायचा, आणि रत्नम्मा संध्याकाळी पट्टा उतरवल्यावर बघायची. मग उलट फोन करून तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "गिरनी चालू होती बग." म्हणून "अव्वा, तुला नवा फोन घेऊ, शनिवारी सोलापूरला ये," असं काव्या म्हणाली तेव्हा लेकीने आपली अडचण बरोबर ओळखली, असं तिला वाटलं. तिने शनिवारी गिरणी बंद ठेवली. येताना दोन शेजारणींना सांगूनही आली की काव्या मला मोठ्या आवाजाचा फोन घेणार आहे.

काव्याने फोन घेऊ म्हटलं ते खोटं नव्हतं. कशासाठी, ते मात्र तिने सांगितलं नव्हतं.

पाच वाजता पुण्याहून व्हिडिओ कॉल येणार होता. गुरुशांतच्या आईचा. गुरुशांत आणि काव्या चार वेळा भेटले होते. तो समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबायचा, आणि तिच्या बोलण्यातली गंमत त्याला न सांगता कळायची. तिशी ओलांडलेल्या काव्याला बऱ्याच वर्षांनी एखादी गोष्ट मोडू नये असं मनापासून वाटत होतं. त्याची आई निवृत्त मुख्याध्यापिका. "तुमच्या आईंशी दोन शब्द बोलते, मग पुढचं ठरवू," असं त्या म्हणाल्या होत्या. दोन शब्द. काव्याला त्या दोन शब्दांची आठ दिवस धास्ती होती. बायोडाटात तिने लिहिलं होतं, आई, स्वतःचा व्यवसाय, फूड प्रोसेसिंग. पिठाच्या गिरणीला असंही म्हणता येतं हे लिहिताना तिला स्वतःलाही नवीनच होतं. सोबत पाठवलेल्या सात फोटोंपैकी एकातही रत्नम्मा नव्हती.

बाकीची तयारी चोख होती. होटगी रोडवर रेश्मा नावाच्या मैत्रिणीचा फ्लॅट होता, तिथली पांढरी भिंत आणि कुंडी नक्की झाली होती. पिशवीत पुण्याहून आणलेली फिक्या रंगाची साडी होती. बोलायचं काय, तेही ती रिक्षात समजावणार होती. चेहऱ्याचं काय करायचं तेवढंच राहिलं होतं, आणि काव्याचा जुना फोन पडून त्याची काच आणि कॅमेरा दोन्ही तडकले होते.

"असं करू," दिग्विजय काहीतरी मोठं घेऊन आला. "मावशींना नजरेचा त्रास असंल तर टॅबच घ्या. अक्षर मोठं, माणसं मोठी. नातवंडं बघायला एकदम भारी."

"नातवंडं न्हाईत अजून," रत्नम्मा म्हणाली. "हिचं जमायचं हाय." तिने टॅब दोन्ही हातांत धरून त्याचं वजन पाहिलं, मागून बोटाने ठोकून पाहिलं. "ही पाटी हाय की. गिरनीत कुटं ठेवू? पीट बसंल हिच्यावर."

"कव्हर येतंय ना मावशी. बगा, कसे दिसता ते."

त्याने समोरचा कॅमेरा चालू केला. टॅबच्या सगळ्या काचेवर रत्नम्माचा चेहरा आला, खऱ्याहूनही मोठा. कपाळावरची रेघ करंगळीएवढी जाड. शेजारच्या काउंटरवर हेडफोन बघणाऱ्या एका बाईने मान वळवून पाहिलं आणि लगेच परत हेडफोनकडे पाहू लागली. काव्याने ते पाहिलं.

"नको, नको. एवढा मोठा नको," ती म्हणाली आणि टॅब आईच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला.

रत्नम्माला तहान लागली होती. कोपऱ्यात पाण्याचा जार होता. ती तिकडे गेल्यावर काव्या काउंटरवर वाकली आणि खालच्या आवाजात म्हणाली,

"सेल्फी कॅमेऱ्यात ते असतं ना, चेहऱ्यावरचे डाग वगैरे जातात असं काहीतरी?"

"ब्युटी मोड? असतो की. तुम्हाला कशाला पायजे, ताई?"

"माझ्यासाठी नाही. आईसाठी."

दिग्विजयने जारकडे पाहिलं. रत्नम्मा पेला ओठांना न लावता, मान मागे टाकून पाणी पीत होती.

"ते डाग नाहीत, ताई. गोंदण आहे ते."

"हो. तेच. ते जाईल का? व्हिडिओ कॉलमध्ये?"

"जाईल की. फुल्ल लावलं तर माणूससुद्धा जाईल," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. काव्या हसली नाही, तेव्हा त्याने हसू आवरलं आणि चौथा फोन काढला. निळ्या पाठीचा, हलका, गुळगुळीत.

रत्नम्मा पदराने तोंड पुसत आली. पुन्हा उभी राहिली, पुन्हा श्वास रोखला. दिग्विजयने कडेची एक पट्टी बोटाने वर सरकवली आणि फोटो काढला.

काव्याने पाहिलं. फोनमध्ये एक उजळ, नितळ बाई होती. कपाळावर काही नाही, गालावर काही नाही. हनुवटी साफ. भुवयांतलं पीठ गेलं होतं, सुरकुत्या गेल्या होत्या, विभूतीसुद्धा त्या उजेडात कुठे मिसळून गेली होती. एखाद्या बँकेतून निवृत्त झालेली, उन्हाळ्यात मुलीकडे राहायला जाणारी बाई असावी तशी ती दिसत होती. काव्याला बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं. गेले आठ दिवस छातीवर जे बसलं होतं, ते उठून गेलं.

"हाच घेऊ," ती म्हणाली.

"आवाज ऐकवा की," रत्नम्मा म्हणाली.

दिग्विजयने फोन वाजवून दाखवला. नाजूक, पाणी ठिबकल्यासारखी धून होती. रत्नम्माने त्याला फोन घेऊन दुकानाच्या टोकाला जायला लावलं. तो गेला. तिने डोळे मिटून कान दिला. मधे पंखा होता, चार गिऱ्हाइकं होती, एवढंच. तरी तिने मान हलवली.

"ह्यो गिरनीत ऐकू यायचा न्हाय."

"येईल गं. शिवाय थरथरतो पण."

"गिरनीत सगळंच थरथरतंय की, काव्या."

"येईल म्हटलं ना. ह्याच्यापेक्षा चांगला नाही ह्यांच्याकडं."

हे दिग्विजयच्या समोर बोललं गेलं. त्याच्याकडे मोठ्या आवाजाचे दोन फोन होते, आणि त्यातला एक काउंटरवरच पडला होता. त्याने काव्याकडे पाहिलं, मग काउंटर पुसायला लागला.

"बरं," रत्नम्मा म्हणाली. "तुला कळतंय ते मला न्हाय कळत. तू म्हनतीस तर ह्योच."

तेवढ्यात काव्याचा स्वतःचा फोन वाजला. अजून साडेतीनही झाले नव्हते. तडकलेल्या काचेवर गुरुशांतच्या आईचा फोटो आला होता, चष्मा, मोत्याच्या कुड्या. व्हिडिओ कॉल. काव्याने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा आईच्या कपाळाकडे, आणि कॉल कापला.

"कोन गं?"

"ऑफिसचा."

रत्नम्मा अंगठा छाप नव्हती. आणि असती, तरी फोटो ओळखायला शाळा लागत नाही. चार दिवसांपूर्वी काव्यानेच दुधनीत राहणाऱ्या रेश्माच्या भावाच्या फोनवर हा फोटो, पुण्याच्या स्थळाची आई म्हणून, पाठवून तिला दाखवायला लावला होता. त्या कुड्या रत्नम्माने नीट पाहून ठेवल्या होत्या. ती काव्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली,

"बरं."

काव्या "आलेच" म्हणून बाहेर पायऱ्यांवर गेली आणि तिने साधा फोन लावला.

"अहो सॉरी, जरा बाहेर होते... हो, हो, आईपण इथेच आहेत. म्हणजे, त्या जरा मीटिंगमध्ये आहेत... हो, कामाचंच... पाचला नक्की. त्याही वाट बघताहेत."

मीटिंगमध्ये. फोन बंद केल्यावर तो शब्द तिच्याच कानात राहिला. समोरच्या गाड्यावर एक माणूस शेंगा भाजत होता आणि त्याला मीटिंग वगैरे काही ऐकू गेलं नसावं, तरी काव्याने त्याच्याकडे पाठ केली. काचेतून आत दिसत होतं. रत्नम्मा आणि दिग्विजय दोघंही काउंटरवर वाकून काहीतरी पाहत होते.

झालं होतं असं की रत्नम्माने फोटो मागितला होता. चार फोनांवर तिचे चार फोटो काढले गेले, टॅबवरचं ओझरतं दर्शन सोडलं तर एकही तिला कुणी दाखवला नव्हता. "मला तरी दावा की, कशी आले ती," असं ती म्हणाली, आणि दिग्विजयने आपल्या धंद्याच्या सवयीने तिसरा आणि चौथा फोन शेजारी शेजारी ठेवले. फरक दाखवायचा तर असाच दाखवतात.

काव्या दार ढकलून आत आली तेव्हा रत्नम्मा चौथ्या फोनवर बोट ठेवून विचारत होती,

"ही कोन?"

"तुम्हीच की, मावशी."

"मी न्हाय ही."

"तुम्हीच. ताईंनी सांगितलं ना, गोंदण जाईल असा कॅमेरा पायजे म्हणून. त्याच्यासाठीच तर एवढे फोन बगितले आपण."

दिग्विजय सरळ माणूस. त्याच्या आवाजात काही नव्हतं, त्याने फक्त माहिती दिली होती. मग त्याला दारात काव्या दिसली, आणि आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. त्याने फडकं उचललं आणि पुसलेलाच काउंटर पुन्हा पुसला.

काव्या जागची हलली नाही. आपल्याला जमीन वगैरे गिळेल तर बरं, असं माणसं म्हणतात. तिला तेही सुचलं नाही. वर मान करायची लाज वाटत होती आणि खाली बघायचीही, कारण खाली काउंटरवर ते दोन फोन होते आणि दोन्हींत तिची आई होती.

रत्नम्मा रागावली नव्हती. दुखावल्यासारखीही दिसत नव्हती. तिने एक बोट आपल्या हनुवटीवर ठेवलं आणि दुसरं फोनमधल्या हनुवटीवर.

"नऊ वरसांची होते," ती दिग्विजयला म्हणाली. "आईनं डोस्कं मांडीत दाबून धरलं, आन् ती गोंदनारीन टोचत बसली. लई रडले मी. तर आई म्हनली, गप. दागिना कुनी बी काडून घेईल, हे कुनाला काडून घेता यायचं न्हाय." तिने निळ्या फोनवर बोट आपटलं. "ह्यानं काडलं की."

वीज आली की नाही हे ती ज्या आवाजात सांगायची, त्याच आवाजात तिने हे सांगितलं.

"अव्वा," काव्या पुढे आली. दुकानात शिरल्यापासून हा शब्द तिच्या तोंडातून पहिल्यांदा आला. "अव्वा, हा नको. तो मोठ्या आवाजाचा आहे, तो घेऊ. आहे ह्यांच्याकडं. मी मघाशी खोटं बोलले."

"साकु," रत्नम्मा म्हणाली. पुरे झालं, असं घरी ती कन्नडमध्ये असंच म्हणायची, काव्या लहान असताना हट्ट करायची तेव्हा. "त्यो नगं. ह्योच घे."

"अगं, पण गिरणीत..."

"मागल्या वर्षी लातूरची मान्सं तुला बगायला येऊन गेली," रत्नम्मा म्हणाली. आवाज तिने पहिल्यांदाच खाली आणला होता, आणि तो तिला पेलत नव्हता, मधे मधे वर जात होता. "तवा मी गिरनीतनं तशीच पुडं आले. त्या बाईनं माज्याकडं बगितलं आन् चा तसाच ठेवला. तू नंतर म्हनलीस, पत्रिका जमली न्हाय."

"हो."

"सिद्धलिंगप्पा मदी होता न्हवं, त्यानं आटव्या दिवशी गिरनीत येऊन सांगितलं मला. पोरगी पसंत होती म्हनं. आईकडं बगून न्हाय म्हनले." ती जराशी हसली. "तू पत्रिका म्हनलीस, म्हनून मी बी गावात पत्रिकाच सांगितली."

काव्याला वाटत होतं की ही गोष्ट आपण एक वर्ष आईपासून लपवून ठेवली. तिने त्याचं मनातल्या मनात थोडं कौतुकही करून घेतलं होतं. आता ती तिथे उभी होती आणि हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, इतका की बोट पांढरं पडलं.

"मगाचा फोन पुन्याच्या बाईंचा न्हवं?" रत्नम्माने विचारलं.

"हो."

"परत कदी करत्यात?"

"पाचला. रेश्माकडं बसून घ्यायचा होता. तुला सांगणार होते मी, रिक्षात."

"मग येळ हाय की," रत्नम्मा म्हणाली आणि दिग्विजयकडे वळली. "ते पुसायचं कुटं दाबायचं, दावा मला."

दिग्विजयने काव्याकडे पाहिलं.

"ते लावलेलंच आहे, मावशी," तो म्हणाला. "एकदा लावलं की राहतं. तुम्हाला काही करायची गरज नाही."

"आन् बंद पडलं तर? ही पुन्याला जानार. मागनं त्या बाईंचा फोन आला आन् मी तशीच दिसले, म्हंजी? मला यायला पायजे. दावा."

तिला जुन्या फोनवर नाव साठवायला शिकवताना काव्याला दोन दिवाळ्या लागल्या होत्या. हिरवं बटण आणि लाल बटण यांत ती अजून गोंधळायची. हे ती एका दमात शिकली. दिग्विजयने पट्टी खाली ओढून सगळं काढून टाकलं. काचेत खरी रत्नम्मा आली. मग तिने स्वतःच्या बोटाने, ज्याच्या नखात पांढरं पीठ होतं, पट्टी वर सरकवली. आधी गालावरचा ठिपका गेला. मग हनुवटीचे तीन. कपाळावरची रेघ थोडी चिवट होती, ती शेवटी गेली. रत्नम्मा बारीक डोळे करून नीट बघत होती, पीठ जाडं आलं की बारीक हे बघताना बघायची तशी. पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. तीनदा.

"आलं की," ती म्हणाली. "काव्या, तू लाव बगू मला फोन. त्या बाई म्हनून लाव."

"अव्वा, राहू दे ना."

"लाव गं. पाचला चुकायला नगं."

दिग्विजय हळूच म्हणाला, "दुकानाचं सिम आहे ह्यात," आणि त्याने नंबर सांगितला. काव्याने आपल्या तडकलेल्या फोनवरून त्यावर व्हिडिओ कॉल लावला. बोट दोनदा चुकलं. रत्नम्मा चार पावलं मागे सरकून भिंतीशी उभी राहिली, पदर डोक्यावरून घेतला, मग काहीतरी आठवून खाली खांद्यावर घेतला, शहरातल्या बायका घेतात तसा.

निळा फोन तिच्या हातात वाजला. पाणी ठिबकत राहिलं.

"हळूच वाजतंय, न्हाय?" ती तिथूनच म्हणाली. "मी रोज पाच ते सा गिरनी बंद ठेवीत जाईन. फोन त्याच येळेला करा म्हनाव त्यांना. तू सांग तसं."

मग तिने हिरवं दाबलं. बरोबर दाबलं. लगेच दुसऱ्या बोटाने कडेची पट्टी वर ढकलली.

काव्याच्या फोनवर, तडकलेल्या काचेच्या पलीकडे, ती नितळ कपाळाची बाई आली. तिने हनुवटी वर केली. श्वास रोखला. आणि मग, फोटोला कधीही न हसणारी रत्नम्मा, दात न दाखवता, शहाण्यासारखी हसली.

"नमस्कार," ती बाई एकेक अक्षर जपून म्हणाली. "मी काव्याची आई बोलते."

हेडफोनवाल्या बाईने वळून पाहिलं, कारण आवाज काही बदललेला नव्हता, तो गिरणीवरचाच होता, आणि तो एकदा भिंतीकडून आणि एकदा काव्याच्या हातातून असा दोनदा ऐकू आला.

काव्या काचेकडे पाहत राहिली.

"दिसतंय का गं कुटं?" रत्नम्माने विचारलं.

"नाही, अव्वा," काव्या म्हणाली. "कुठंच दिसत नाही."

"मग झालं," रत्नम्मा म्हणाली आणि दिग्विजयला फोन डब्यात घालायला सांगितला.